बुधवारचं अंडं

राजलक्ष्मी धैर्यवान यांना कुणी ‘अन्नपूर्णा’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "अन्नपूर्णा कॅलेंडरवर असते. मी विमा कंपनीत आयुष्यभर लोकांचे क्लेम तपासले. हात कसले जोडताय, ताटं उचला!" असं त्या तोंडावर सांगत. वय पंच्याहत्तरीला टेकलेलं, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. गिरगावातल्या बिंबवाडीत त्यांचं तिसऱ्या मजल्यावर घर, आणि तळमजल्यावर वाडीच्या ट्रस्टचं सभागृह. त्या सभागृहाच्या मागच्या अंगणात रोज दुपारी पन्नासेक माणसं जेवायची. फुटपाथवर राहणारी, चौपाटीवर झोपणारी, कुठल्याशा कामासाठी मुंबईत येऊन इथेच अडकून पडलेली. फुकट जेवायची. पण ‘फुकट’ हा शब्द राजलक्ष्मीबाईंच्या देखत कुणी काढलेला नव्हता.

हे सुरू झालं ते त्यांच्या यजमानांच्या, मनमोहनरावांच्या वर्षश्राद्धाला.

धैर्यवान म्हणजे पाठारे प्रभू. खाण्यापिण्यात तडजोड नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खायचे वार, बाकीचे पाळायचे. पाळायच्या दिवशी मनमोहनराव सुतकात असल्यासारखे बसायचे आणि खायच्या दिवशी चहा घ्यायच्या आधीच पिशवी घेऊन मासळीबाजारात पळायचे. अशा माणसाच्या श्राद्धाला रीतीप्रमाणे दुधी भोपळ्याची भाजी, वरण-भात आणि खीर. जेवण उरलं. राजलक्ष्मीबाई एक ताट वाढून खाली गेल्या.

वाडीच्या तोंडाशी एक छापखाना होता. तो कधीच बंद पडला. त्याच्या शटरपुढच्या पायरीवर रघु राहायचा. पूर्वी तो त्याच छापखान्यात बाइंडिंगला होता. छापखाना गेला, खोली गेली, बायको माहेरी गेली ती गेलीच. पायरी तेवढी राहिली. रघुने ताट हातात घेतलं, नीट बघितलं.

"साहेबांचं श्राद्ध?"

"हो."

"आणि भोपळा?"

"मग काय वाढायचं होतं?"

"नाही बाई, वाढलंय ते चांगलंच आहे. पण साहेब दर रविवारी इथनं जायचे ना, तेव्हा पिशवीतनं कोलंबीच्या मिशा बाहेर असायच्या. म्हणून आपलं वाटलं."

राजलक्ष्मीबाईंना संताप आला. आयतं मिळतंय, वर नावं ठेवतो! तणतणत त्या जिना चढायला लागल्या, आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा. बोलणं खरंच होतं. मनमोहनरावांच्या नावाने भोपळा म्हणजे त्या माणसाची चेष्टाच.

पुढच्या रविवारी त्या रघुला कोलंबीचा रस्सा आणि भात घेऊन गेल्या. त्याच्या शेजारी दोघंजण बसले होते. त्यांच्या पुढ्यातून वास नेऊन एकट्याला वाढायला बाईंना लाज वाटली. मग तिघांचं, मग दहांचं. घरच्या ओट्यावर मावेना तेव्हा त्यांनी ट्रस्टकडून सभागृहाचं मागचं स्वयंपाकघर मागून घेतलं. लालबागच्या मीराबाई सोनावणे येऊन मिळाल्या. पालिकेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवून निवृत्त झालेल्या, घरात सुनेशी पटत नाही म्हणून बाहेर काहीतरी करू बघणाऱ्या. त्या आल्या आणि पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाल्या, "ताई, तुम्ही मसाला वाटता चांगला, पण पन्नास माणसांचं मीठ तुमच्या हाताला नाही. बाजूला व्हा." तेव्हापासून मीठ मीराबाईंचं, मसाला राजलक्ष्मीबाईंचा.

एक कायदा मात्र बाईंनी केला. आपल्या घरात जो वार, तोच पंगतीचा. पन्नास माणसांना कोलंबी परवडत नाही, तर अंडं. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, घरी कुटलेल्या प्रभूंच्या संबार मसाल्यातला अंड्यांचा रस्सा. माणशी एक आख्खं अंडं, अर्धं नाही. सोमवारी पालेभाजी, गुरुवारी गोड काहीतरी. जे वर तिसऱ्या मजल्यावर बाई जेवणार, तेच खाली.

लोकांना वाटायचं, हा म्हातारीचा हट्ट. पण त्याचं मोल रघुला ठाऊक होतं. तो एकदा ताट घासता घासता म्हणाला, "बाई, पायरीवर सगळे दिवस एकसारखे. उठा, बसा, हाकललं की सरका. इथं येतो तेव्हा कळतं, आज बुधवार." बाईंनी त्याला "घास नीट, कडेला राहिलंय" असं झापलं आणि आत जाऊन उगाचच डब्यांची झाकणं लावली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं. सुरळीत चाललेलं बघवत नाही असा एक माणूस प्रत्येक ट्रस्टमध्ये असतोच. इथे तो घरातलाच निघाला. मनमोहनरावांच्या धाकट्या भावाचा मुलगा, विहंग. मोठ्या पगाराचा, चांगल्या कपड्यातला, गोड बोलणारा. ट्रस्टचा चिटणीस. त्याने एक देणगीदार आणला. प्रफुल्लभाई, कागदाचे व्यापारी, वाडीसमोरच्याच इमारतीत राहणारे. पत्नीच्या स्मरणार्थ त्यांनी नवी शेगडी, मोठाली पातेली आणि धान्य द्यायचं ठरवलं. गृहस्थ सज्जन. उद्घाटनाला आले, नारळ फोडला, मुगाची खिचडी खाल्ली आणि डोळे पुसत घरी गेले.

आठ दिवसांत सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागली. सोनेरी अक्षरांत: ‘या सभागृहात केवळ सात्त्विक अन्न शिजवले व वाढले जाईल. कांदा, लसूण, अंडी व मांसाहार वर्ज्य.’ खाली पाचही ट्रस्टींची नावं.

राजलक्ष्मीबाईंनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्या पाचही नावांची स्वयंपाकघरं त्यांना ओळखीची होती. एकाच्या घरी खाऊन टाकलेल्या कालवांच्या शिंपल्या मोजायला माणूस ठेवावा लागेल. दुसऱ्याने मुलीचं स्थळ केवळ ‘त्यांच्याकडे मासळी खात नाहीत’ म्हणून नाकारलेलं. तिसऱ्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही. आणि ही मंडळी भुकेल्या माणसाला सात्त्विकपणा शिकवणार!

त्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी विहंग समजूत काढायला वर आला. बाई बोंबील तळत होत्या. त्याने खुर्ची ओढली, बशी ओढली.

"काकी, तू चिडशील मला माहीत होतं."

"मग पाटी लावायच्या आधी का नाही आलास?"

"अगं, देणगीदाराच्या भावना असतात. आपण त्यांचा पैसा घेतो… हा जरा कुरकुरीत दे… तर आपल्यालाही थोडं अ‍ॅडजस्ट व्हायला हवं ना?"

"आपल्याला म्हणजे कोणाला? तू झालास अ‍ॅडजस्ट?"

"मी कुठे तिथे जेवतो?" विहंगने दुसरा बोंबील उचलला. "आणि खरं सांगू का, त्या लोकांना काय फरक पडतो? पोट भरल्याशी मतलब. गरमागरम खिचडी मिळते, तूप घालून. बाहेर कोण देतं?"

"विहंग, तुझं बोट तेलकट आहे."

"हो?"

"ते पुसून मग सांग, कोणाला काय फरक पडतो."

तो हसला. चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. जाताना म्हणाला, "काकी, तुझ्या हातची चटणी दे ना डब्यात. आमच्या छोट्या जुईला फार आवडते." बाईंनी चटणी दिली. मग रात्रभर स्वतःवर चिडत बसल्या, की दिलीच का म्हणून.

नियम लागू झाला. बाईंना दुसरी जागा नव्हती. पन्नास माणसांचं पातेलं तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? जेवण बंद करण्यापेक्षा खिचडी बरी, असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं. सोमवारी मुगाची खिचडी, मंगळवारी मुगाची खिचडी, बुधवारी मुगाची खिचडी. त्यात ट्रस्टने दोन स्वयंसेवक नेमले. ते पंगतीपुढे उभे राहून सगळ्यांना हात जोडायला लावत आणि प्रार्थना म्हणून घेत. खिचडीवर साय धरायची तरी प्रार्थना संपायची नाही. एक म्हातारी मध्येच घास घ्यायला गेली, तर तिचा हात धरला. राजलक्ष्मीबाई आतून ओरडल्या, "सोड तिचा हात! शाळा आहे का ही?" स्वयंसेवक म्हणाला, "आजी, शिस्त लागते यांना." मीराबाईंनी पळी घेऊन त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो दोन पावलं मागे सरकला, पण प्रार्थना चालूच राहिली.

दुसऱ्या बुधवारी रघु जेवून उठला, ताट घासलं, पालथं ठेवलं.

"बाई, येतो मी."

"उद्या लवकर ये, भाजी चिरायला माणूस नाही."

"नाही, म्हणजे जातोच. इकडे आता वार कळत नाही."

"अरे, पण जेवशील कुठे?"

"बघू. हात जोडून खायचंय तर देवळाबाहेर बसेन ना. तिथे निदान देव तरी असतो."

गेला. पायरीवरची त्याची वळकटीही गेली. राजलक्ष्मीबाई संतापल्या. आधी रघुवर, कारण उपाशी राहून मान राखणाऱ्या माणसाचा राग येतोच. मग स्वतःवर. आणि मग त्या पायात चपला घालून सरळ प्रफुल्लभाईंच्या घरी गेल्या.

"प्रफुल्लभाई, स्पष्ट विचारते. अंडं वाढलं तर तुमच्या देणगीला विटाळ होतो का?"

प्रफुल्लभाई गोंधळले. "अंडं? राजलक्ष्मीबेन, मी नाही खात. आमच्या घरात कोणी नाही खात."

"ते कळलं. लोकांनी खाऊ नये असं तुम्ही म्हणालात का?"

"मी? मी कशाला म्हणू? मी विहंगला एवढंच सांगितलं होतं, की उद्घाटनाला माझ्या ताटात कांदा-लसूण नको. फक्त माझ्या ताटात. ती पाटी पाहिली तेव्हा मला वाटलं, तुमच्यातच असा रिवाज असेल."

"आमच्यात!" बाई उसळल्या. पाठारे प्रभूंमध्ये अंडं वर्ज्य! मनमोहनराव वरून खाली उतरले असते.

"माझी बायको होती ना," प्रफुल्लभाई म्हणाले, "ती दारावर आलेल्याला आधी विचारायची, काय खाणार? मग द्यायची. तुम्ही त्यांना विचारा. मला काय विचारता?"

ह्या एका वाक्यासाठी राजलक्ष्मीबाईंनी त्या माणसाला मनातल्या मनात शंभर गुण दिले, आणि आपल्या पाच ट्रस्टींना शून्य. एका माणसाने स्वतःच्या ताटापुरतं मागितलं आणि ह्यांनी पन्नास ताटांवर बंदी घातली! कुणी सांगितलेलं नसताना, पुढे पुढे करून, आधीच वाकून!

विहंगला त्यांनी जिन्यातच गाठलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली.

"काकी, असेल. पण आता पाटी लागली ना. ती बघून आणखी दोन देणगीदार आलेत. सभागृहाला एसी बसतोय. आता काढली तर कसं दिसेल?"

"आणि रघु गेला, ते कसं दिसतं?"

"कोण रघु?"

ह्या पोराच्या मुंजीच्या पत्रिका रघुने छापखान्यात रात्र बसून कापल्या होत्या. पण ते सांगून काय होणार होतं? "कोणी नाही," त्या म्हणाल्या. "सरक, मला वर जायचंय."

जानेवारीत वाडीचं स्नेहभोजन असतं. वाडीतली घरं, वाडी सोडून बोरिवली-ठाण्याला गेलेली घरं, सगळी एका रविवारी सभागृहात जमतात. जेवण ठरलेलं: लसणीवर परतलेलं कोलंबीचं खडखडलं, मटण, आणि कोबी-कोलंबीचं भट्टीत भाजलेलं भानोलं. त्याच्यासाठी माणसं आदल्या रात्री जेवत नाहीत. स्वयंपाकाची जबाबदारी राजलक्ष्मीबाईंची, इतकी वर्षं त्यांचीच; त्यामुळे यंदा काय करणार असं विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

पंगत बसली. केळीची पानं मांडली. कोऱ्या एसीचा गारवा. पहिल्या रांगेत पाच ट्रस्टी, त्यांच्या शेजारी वाडीतले सगळ्यांत वडील गृहस्थ, अप्पासाहेब नवलकर, नव्वदीचे, कवळी मुद्दाम घट्ट बसवून आलेले.

राजलक्ष्मीबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "हात जोडा."

लोक हसले. म्हातारीची गंमत असेल!

"हसू नका. प्रार्थना आहे. संपेपर्यंत पानाला हात लावायचा नाही. जो लावेल त्याचा हात धरण्यात येईल." मीराबाई पळी घेऊन बाजूलाच उभ्या होत्या. लोकांनी हसत हसत हात जोडले. बाईंनी प्रार्थना म्हटली, सगळीच्या सगळी, एक कडवं न गाळता. हसणं दुसऱ्या कडव्यालाच थांबलं. मग मीराबाईंनी वाढायला सुरुवात केली. मुगाची खिचडी. दुधीची भाजी. वरून तूप.

अप्पासाहेबांनी पानाकडे बघितलं, मग दाराकडे. "राजलक्ष्मी, खडखडलं मागनं येतंय ना?"

"मागनं काही येत नाही, अप्पा. एवढंच आहे."

"एवढंच म्हणजे?"

"तुमच्या डोक्यावर पाटी आहे. वाचा की."

सगळ्या माना वळल्या. सभागृहात असा गलका झाला की बाहेर रस्त्यावर लोक थांबले. कोणी म्हणालं, ठाण्याहून आलोय आम्ही! कोणी म्हणालं, लहान मुलं आहेत! विहंग लाल होऊन उठला.

"काकी, हा काय तमाशा आहे? तो नियम आपल्यासाठी नव्हता!"

"मग कोणासाठी होता?"

"तुला माहितीये!"

"मला माहितीये. त्यांना सांग. मोठ्याने सांग."

"अगं, त्या… मागच्या पंगतीसाठी."

गलका थांबला. राजलक्ष्मीबाईंना वाटलं, आता तरी. आता तरी कोणाला काहीतरी वाटेल. एका क्षणापुरती त्यांना खरोखर आशा वाटली.

मग अप्पासाहेबांनी पानावर थाप मारली. "कोणी लावली ही पाटी? कोलंबीशिवाय स्नेहभोजन? आमच्या वाडवडिलांच्या सभागृहात? उतरवा ती! आत्ताच्या आत्ता!" आणि मग सगळेच. उतरवा, उतरवा! ट्रस्टींपैकी दोघं तर स्वतःच स्टुलावर चढले. ज्या पाटीमागे देणगीदारांच्या भावना होत्या, जी काढली तर कसं दिसेल अशी चिंता होती, ती खिचडी निवायच्या आत भिंतीवरून खाली आली. रघुसाठी नाही. त्या म्हातारीच्या धरलेल्या हातासाठी नाही. ह्यांच्या एका रविवारच्या जेवणासाठी!

राजलक्ष्मीबाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढून पदराने पुसू लागल्या.

"ताई, पाटी उतरली ना?" मीराबाई म्हणाल्या. "मग रडताय कशाला?"

"मी रडत नाहीये. मी चिडलेय. एक माणूस म्हणाला का, की त्यांचं चुकलं म्हणून? एक तरी?"

"नाही म्हणाला. आमच्या चाळीतली माणसं म्हणाली असती असं समजू नका. माणसं सगळीकडची तीच." मीराबाईंनी पळी आपटली. "तुम्ही बुधवारी चिडून अंडी उकडा. चिडून उकडली तरी शिजतात."

बुधवारी अंडी उकडली. मसाल्याचा वास अंगणापलीकडे गेला. माणसं आली, ज्या म्हातारीचा हात धरला होता तिने आधी इकडेतिकडे बघितलं, स्वयंसेवक दिसले नाहीत, तेव्हा मग घास घेतला. रघु आला नाही.

बाई डबा भरून निघाल्या. ठाकुरद्वारला विचारलं, ऑपेरा हाऊसला विचारलं. शेवटी चर्नी रोड स्टेशनच्या पुलाखाली तो सापडला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. त्याने डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला.

"आज बुधवार," तो म्हणाला.

"मग काय. चल, उठ. पाटी उतरली."

रघुने अंड्याचे दोन भाग केले, एक भाताखाली दडवून ठेवला, शेवटी खायला. "कशी लावलेली होती? खिळे का स्क्रू?"

"स्क्रू. चार."

"भोकं बुजवली का?"

पाटी उतरली त्याच्या आनंदात, संतापात, भिंतीकडे कुणी बघितलंच नव्हतं. आणि पाटी तरी कुठे फोडली होती? कपाटामागे उभी करून ठेवली होती.

"नाही ना? मग परत लावतील," रघु म्हणाला. रागाने नाही, पान दुमडलंय हे सांगावं तसं. "रविवारी येऊन बघतो."

"बघतो म्हणजे? मी काय आमंत्रण छापून देऊ?"

"छापा की. कापायला मी येतो."

राजलक्ष्मीबाई तरातरा परत आल्या. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या सिमेंटची पुडी घेतली. ती संगमरवरी पाटी मीराबाईंच्या मदतीने ओढत मागच्या अंगणात नेली आणि अक्षरं खाली करून नळाखाली टाकली, भांडी घासायला. मग स्टूल भिंतीला लावलं. मीराबाईंनी दोन्ही हातांनी धरलं. पंच्याहत्तरीची बाई, गुडघे कुरकुरत, स्टुलावर चढली आणि चमच्याच्या मागच्या टोकाने भोकात सिमेंट भरू लागली.

विहंग ऑफिसातून येत होता. धावत आत आला. "काकी! पडशील! उतर खाली, मी करतो ते."

"तू नको," बाई मागे न बघता म्हणाल्या. "तू वरवर भरशील."

आणि तिसरं भोक भरायला घेतलं.